उलट्या फेऱ्या

पळायला मी लागले पन्नाशीला टेकल्यावर, आणि तेही रागाच्या भरात. दोन हजार तीन-चारच्या सुमाराची गोष्ट. इंदिरानगरात आमच्या महिला मंडळाने तीन किलोमीटरची दौड ठरवली होती. नेमकी तेव्हा सटाण्याची धाकटी नणंद घरी आलेली. कांद्याच्या शेतात दिवसभर वाकणारी काटक बाई. मंडळाचा कागद वाचून म्हणाली, "वहिनी, तू नको हां नाव देऊ. कोपऱ्यावर कोथिंबिरीला जाते तर दादाच्या स्कूटरवर बसून जाते."

"देणार नाव. आणि एक पाऊलसुद्धा चालणार नाही, सगळं पळणार!" तोंडातून गेलं ते गेलंच.

"मग मी येईल बघायला," ती म्हणाली.

हातात तीन महिने होते. लेकीचा जुना पंजाबी ड्रेस चढवला, कॅनव्हासचे बूट घेतले आणि सकाळी मैदान गाठलं. पहिल्या दिवशी एस्टी सुटतेय अशी धावले आणि अर्ध्या फेरीतच कठड्यावर बसले. मग वेग कमी केला. तरी महिना झाला, दोन फेऱ्यांपुढे गाडी सरकेना. तीन किलोमीटरला फेऱ्या लागत दहा. मला रडूच यायचं बाकी होतं.

तिथे बाकावर पी.टी.चे एक निवृत्त सर बसत. एक दिवस त्यांना विचारलंच, "सर, माझा दम का हो वाढत नाही?"

"ताई, तुम्ही दमता कुठे? तुम्ही थांबता. आज दोन फेऱ्यांत सात जणांशी बोललात."

"समोरून माणूस आलं तर विचारायला नको का?"

"पण समोरून येतं का? सगळे एका दिशेने पळतात, तुम्ही एकट्याच उलट्या."

अगं बाई, खरंच की! देवळात आयुष्यभर प्रदक्षिणा घातलेल्या. पाय आपोआप मैदान उजव्या हाताला ठेवून निघायचे. बाकीची मंडळी ते डावीकडे ठेवून पळत होती. मधे देव कसला, क्रिकेटची खेळपट्टी आणि गंजका रोलर.

तरी मन धजेना. "उलटी प्रदक्षिणा म्हणजे सर..."

"पाप मला लागू द्या. वळा."

वळले. दोन-तीन दिवस चुकल्यासारखं वाटलं, पण पुढे नुसत्या पाठीच पाठी. पाठीला काय विचारणार? सर म्हणाले होते, पळताना एक वाक्य न तुटता बोलता येईल एवढाच वेग ठेवा. मग मी वाण्याची यादीच पुटपुटायची. साखरेपाशी धाप लागली की वेग कमी. दर आठवड्याला एक फेरी वाढवली. आठ झाल्यावर सरांनी शेवटच्या फेरीत जोर लावायला सांगितलं. मी एक निळा शर्ट हेरला आणि रोज त्याला गाठायचा प्रयत्न करू लागले. बिचारा मागे बघून आणखी पळायचा!

दौडीच्या दिवशी नणंद खरंच आली. शेवटच्या वळणाला थोडा चढ होता. तिथे माझ्या पोटऱ्या दगड झाल्या. आता चालावं, असं मनात आलं, तेवढ्यात बाजूला चपलांचा फटफट आवाज. नणंद! पदर खोचून माझ्याबरोबर पळत होती.

"वहिनी, चालशील तर बघ! सगळ्या सटाण्यात सांगेल मी!"

"तू... हो बाजूला..." यादीतलं मीठसुद्धा म्हणवलं नसतं मला.

पोचलो दोघी. माझ्यामागे पाच-सहाच बायका उरल्या असतील, पण मी चालले नव्हते. नणंद मात्र कंबर धरून फुटपाथवर टेकायला निघाली आणि थेट अहिराणीवर आली. "हाई काय शे व! एवढुसं पळाले तर जीव चालला माझा!"

"बसायचं नाही लगेच," मी तिचा दंड धरला. "चाल हळूहळू."

आणि तिला धरून चालवलं. त्या सकाळचं माझं पहिलं चालणं ते.