काळ्या दगडाची गरमी

मुलीच्या पुस्तकात काळ्या लघुग्रहाचं चित्र दिसलं आणि अकोटचं घर आठवलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. अमरावतीहून आलो की आंधळ्या बाबांना शिकलेलं सांगायचो. वाटायचं, आपण त्यांना जग दाखवतोय. त्या दुपारी आजारी आई शेजारच्या खाटेवर झोपली होती.

"मंगळाच्याही पल्याड कोळशावानी काळा दगड हाये, बाबा. दुर्बिणीतबी दिसाले कठीण."

"मंग सापडला कसा?"

"उन्हानं तापते तो. त्याची गरमी पकडतेत."

"म्हंजे आंधळ्यानंच शोधला म्हन की!" बाबा खदखदून हसले. हसत हसतच, रोजच्यासारखा ताप पाहायला, त्यांनी आईच्या कपाळावर हात ठेवला.

हसू तिथंच थांबलं.

"बापू, तुही माय थंडी पडली रे."

मी तिच्या समोरच बसलो होतो. मला ती झोपलेली दिसत होती.