कोमट पाण्याचा हौद

तिला सगळे बदकताई म्हणायचे. नाव ठेवलं होतं धाकट्या भावानं. लहानपणी ती पाण्यात शिरली की मासोळी, आणि बाहेर आली की फताडे पाय टाकत डुलत चालायची, म्हणून. नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे ती एका मोठ्या क्लबात पोहणं शिकवायला लागली, केस पिकले, चष्मा लागला, तरी खरं नाव फक्त पगाराच्या कागदापुरतं उरलं.

धाकटा रंगारी होता. उंच इमारती रंगवायचा, परांचीवर बसून शीळ घालायचा. एका सकाळी परांचीची दोरी सुटली. जीव वाचला, पण कमरेखालचं बळ गेलं. डॉक्टर म्हणाले, "जमिनीवर हा उभा राहील अशी आशा नको. कोमट पाण्यात प्रयत्न करून बघा. पाणी वजन उचलतं, ऊब स्नायू सैल करते."

तसा हौद शहरात एकच होता. मोजे विणायच्या कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये एका सेवाभावी संस्थेनं बांधलेला. छतावरून टपटपणारी वाफ, भिंतीला धरायच्या दांड्या, आणि अंगाला लागलं की आपोआप "आह्" निघावं असं पाणी. हौद सांभाळायला माणूस हवं होतं. बदकताईनं क्लबातली नोकरी सोडली आणि निम्म्या पगारावर इथं आली. आई होती तेव्हा. ती म्हणाली, "अगं, तुझ्या लग्नाचं काय?" त्या विषयावर ताईनं तेव्हाच पाणी सोडलं.

किती तरी महिने धाकटा नुसता तिच्या हातांवर तरंगत असायचा. मग एक दिवस दांडी धरून उभा राहिला. आणि एकदा दांडी सोडून, छातीएवढ्या पाण्यात, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत डुलत डुलत चालत गेला. पलीकडे पोचल्यावर ओरडला, "ताई, बघ! आता बदक मी!" संधिवातानं आखडलेली, हौदावर रोज येणारी शिंपीणकाकू पाण्यातच टाळ्या वाजवायला लागली. ताईनं तोंडावर पाणी मारून घेतलं, म्हणजे कोणतं पाणी कुठलं ते कुणाला कळू नये.

अशी वर्षं गेली. धाकटा बाहेर चाकाच्या खुर्चीत आणि हौदात स्वतःच्या पायांवर. "मी अर्धवेळ लंगडा आहे," असं नव्या माणसांना सांगायचा.

मग विजेचे आणि गॅसचे दर भडकले. पहिलं वाढीव बिल आलं तेव्हा अध्यक्षबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. या निवृत्त परिचारिका, दारोदार देणग्या मागून संस्था चालवणाऱ्या. त्यांनी कार्यालयातले हीटर बंद केले, दिवे निम्मे केले. पण हौदाचं पाणी तापवायचं ते तापवायचंच. गार हौद काय कामाचा?

त्यातच सरकारनं जाहीर केलं की छोटे धंदे आणि सेवाभावी संस्था यांना वीजबिलात सवलत मिळणार. कपडे बदलायच्या खोलीतल्या रेडिओवर ही बातमी लागली तेव्हा शिंपीणकाकू म्हणाली, "बघा, सरकारलाही कधी कधी गुडघे असतात, आपलं दुखणं कळतं!" सगळे पोट धरून हसले.

पण हौदाला स्वतःचं मीटर नव्हतं. वीज आणि गॅस दोन्ही कारखान्याच्या मीटरवरून यायचे आणि सवलत मीटर ज्याच्या नावावर त्याला होती. कारखाना तर दरवाढीनं आधीच बसला होता. यंत्रं विकली गेली होती, मालक लेकीकडे जाऊन राहिला होता. बंद धंद्याला सवलत नाही, आणि संस्थेच्या नावावर मीटर नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

सरकारच्या मदतकक्षात फोनवर एक मुलगी असायची, बोलायला फार गोड. "मावशी, तुमचं म्हणणं मला पटतंय हो. पण नियमात तुमच्यासारख्यांसाठी रकानाच नाही. मी वर कळवलंय."

"वर म्हणजे किती वर, बाळा?" ताईनं विचारलं.

"ते मलाही माहीत नाही," ती म्हणाली.

थंडी पडली. पाण्याची ऊब थोडी कमी केली, मग अजून थोडी. शिंपीणकाकूनं येणं थांबवलं. धाकटा मात्र रोज यायचा. विचारलं की म्हणायचा, "छान वाटतंय. तरतरी येते." एकदा चालता चालता मध्येच थांबला. ताई पाण्यात उतरली तर त्याचे ओठ निळे पडलेले, आणि दोन्ही पाय दुमडून छातीशी ओढले गेलेले. ते सरळ करताना तो ओरडला नाही. दात आवळून म्हणाला, "बंद नको करूस ताई. चालतंय मला."

त्याला टॉवेलात गुंडाळून तिनं खुर्चीत बसवलं आणि तशीच ओल्या कपड्यांनी अध्यक्षबाईंच्या खोलीत गेली. "हौद बंद करू या," ती म्हणाली. संस्थेच्या समितीतल्या कुणाचीच जीभ जे बोलायला धजत नव्हती, ते तिनंच बोलून टाकलं.

साठलेलं पाणी कुजलं असतं, म्हणून हौद रिकामा करणं भाग होतं. हौदाचे पंप बघणारा पंपवाला म्हणाला, "मी करतो." पण पाणी सोडायची झडप तिनं स्वतः उघडली. शेवटचं पाणी घुर्र करून गेलं, तेव्हा ती तळाशी अनवाणी उभी होती.

थंडी सरली आणि त्या मुलीचाच फोन आला. "मावशी, नियम बदलला! दुसऱ्याच्या मीटरवर चालणाऱ्या संस्थांनाही सवलत मिळणार. तुमचं मंजूर झालंय!" ताई घरात होती. फोनवरचं सगळं धाकट्यानं ऐकलं. ती पंपवाल्याला घेऊन धावतच शेडकडे गेली.

शेडचं दार उघडलं आणि पंपवाला दारातच थबकला. हौदाचा तळ मधोमध फुगून वर आला होता. फरशा सुटून पडल्या होत्या, एका भिंतीला हात जाईल एवढी भेग. "आत पाणी होतं तोवर त्याच्या वजनानं जमीन दबून होती," तो म्हणाला. "रिकामा झाला आणि खालच्या पाण्यानं तळ उचलला. हा आता नव्यानंच बांधावा लागेल, ताई." सवलत बिलासाठी होती. हौद बांधून द्यायला सरकारकडे काही नव्हतं, आणि संस्थेकडे तर त्याहून नव्हतं.

घरी येताना तिनं मुद्दाम लांबची वाट धरली. दार ढकललं तर धाकटा समोरच बसलेला. शेजाऱ्याकडून दाढी करून घेतलेली, पोहण्याची चड्डी घातलेली, मांडीवर टॉवेल. इतक्या महिन्यांत पाय आखडून वाळक्या फांद्यांसारखे झाले होते, पण चेहरा परांचीवर बसायचा तेव्हासारखा.

त्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं.

"नाही ना?" तो म्हणाला.

तिनं मान हलवली.

बराच वेळ तो टॉवेलाची घडी घालत राहिला. मग म्हणाला, "पँट आण ताई. गार लागतंय." ती आणायला गेली आणि आतल्या खोलीत कपाटाला डोकं टेकून रडली. आवाज न करता, पण त्याला कळलंच.

तो पुन्हा कधी उभा राहिला नाही. पुढच्याच थंडीत छातीत कफ दाटला, आणि पडून राहिलेल्या शरीराला तो बाहेर टाकता आला नाही.

बदकताई अजून आहे. हौदाच्या जुन्या माणसांच्या घरी जाते, गरम कपड्यानं शेकून त्यांचे हातपाय चोळून देते. शिंपीणकाकूची बोटं तिच्या हातात असेपर्यंत सैल होतात, कधी कधी सुईही धरतात. पुढच्या खेपेला ती जाते तेव्हा पुन्हा आखडलेली असतात. ती स्टूल ओढते आणि कपडा गरम करायला ठेवते.