शेऱ्याच्या रकान्यात

ओढ्याच्या काठावर मी तीन दिवस बसलो आणि जे दिसलं तेच लिहिलं. माझ्या नोकरीत एवढं चोख काम मी दुसरं कुठलं केलं नसेल, आणि त्याच कामाची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

तेव्हा मी जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, बांधकामाच्या उपविभागात कनिष्ठ अभियंता होतो. रस्ते पुढारी ठरवतात असं लोकांना वाटतं. काही ठरवतातही. पण बाकीच्यांसाठी एक तक्ता असतो. रस्त्याला क्रमांक आहे का, वाटेवर लोकवस्ती किती, शाळा-दवाखाना किती लांब, रोजची रहदारी किती, या सगळ्याला गुण असतात. गुणांप्रमाणे प्रत्येक तालुक्याची यादी लागते आणि ती नगरला जाते. तिथे नियोजनाची बैठक होते, वर्षाचा निधी किती ते कळतं, आणि यादीच्या वरच्या टोकापासून एकेक काम घेत खाली यायचं. निधी संपतो तिथं रेघ मारली जाते. रेघेखालची गावं पुढच्या वर्षी पुन्हा रांगेत.

लोकसंख्या जनगणनेच्या पुस्तकातून मिळते, अंतर नकाशावरून. रहदारी मात्र कुणीतरी जागेवर बसून मोजावी लागते. त्या ओढ्यावर मोजायला मी बसलो होतो.

ओढ्याच्या अलीकडे वस्ती, पलीकडे गाव. गावात बाजार, बँक, दवाखाना, हायस्कूल. मधे पूल नव्हता, ओढ्याच्या तळाशी टाकतात तशी काँक्रीटची फरशीही नव्हती. वाट सरळ ओढ्यात उतरायची, वाळूतून आणि धोंड्यांतून जायची आणि पलीकडे चढायची. उन्हाळ्या-हिवाळ्यात एवढाच त्रास. पण आमच्याकडे पाऊस येतो तो परतीचा. भाद्रपद-आश्विनात ओढा एकदा भरला की आठ-आठ दिवस कंबरेएवढं पाणी, आणि वळसा घालून जायचं तर अकरा किलोमीटर. वस्तीची मागणी फार मोठी नव्हती. सिमेंटच्या नळ्या टाकून वर स्लॅब, एवढा लहानसा पूल.

मी गेलो ते जानेवारीत. मोजणी कोरड्या दिवसांतच करतात, कारण पावसात काठावर बसायचं कुठे आणि कागद झाकायचा कशानं? बाभळीखाली सतरंजी टाकली, मांडीवर फळी घेतली, आणि रकाने आखलेला कागद तिच्यावर. बैलगाडी, सायकल, मोटारसायकल, जीप, टेम्पो, ट्रॅक्टर, एसटी. चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी आडवी मारायची. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत माझी एकही आडवी रेघ झाली नव्हती.

का झाली नव्हती ते मला माहीत होतं. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मला कुणी अजाण समजणार नाही. वस्तीवर पन्नासेक घरं, त्यातल्या बहुतेक घरांना कुलपं. माणसं दसऱ्यानंतर ऊस तोडायला गेली होती, ती गुढीपाडव्याला परतायची. माझे आईवडील असेच सोळा हंगाम गेले. मी चुलत्याकडे राहून शिकलो. आमच्या घराच्या कुलपाला माझी आई चिंधी बांधून जायची, भोकात धूळ जाऊ नये म्हणून. त्या वस्तीवरच्या तीन-चार कुलपांना मी तशीच चिंधी पाहिली होती.

दुपारी एक म्हातारा तांब्या-पेला घेऊन आला. पेल्यात चहा होता. जन्म ऊसतोडीत गेलेला, आता कंबर गेली म्हणून घरी राहिलेला माणूस. शेजारी बसून तो बराच वेळ माझ्या कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काय मोजताय, सायेब?"

"गाड्या."

"मग लई काम न्हाई तुमाला." तो हसला. "वस्तीवं आता म्हातारी मान्सं आन् शेरडं हायेत. शेरडं धरीत आसाल तर आकडा चांगला यील."

मीही हसलो. मग त्यानं हळूहळू मुद्द्याचं सांगितलं. त्याची नात नववीला होती, पलीकडच्या हायस्कूलला. पोरगी हुशार. पण गेल्या पावसात ओढ्यामुळे तिचे तीन आठवडे बुडाले. पुढचं वर्ष दहावीचं. तिच्या बापानं जाताना बजावलं होतं की दहावी झालीस तर पुढं शिकवू, नाहीतर दसऱ्याला आमच्याबरोबर चल. म्हातारा हे तक्रार म्हणून सांगत नव्हता. बापाचंही त्याला पटत होतं. फक्त पूल झाला तर नातीचं वर्ष पार पडेल, असं त्याचं म्हणणं होतं.

"तुमी पाडवा झाल्याव या की मोजाया," तो म्हणाला. "एकेका दारात दोन-दोन फटफट्या दिसतील."

यादी महिनाअखेरीला जायची आहे, असं मी सांगितलं. ते खरं होतं. मग त्यानं विचारलं, साहेब कुठले. मी म्हणालो, नगरचा. ते खोटं होतं. माझ्या आईचं माहेर त्या वस्तीपासून सात-आठ किलोमीटरवर.

तीन दिवस झाले. बेरीज केली तर आकडा एवढा लहान आला की मी ती दोनदा तपासली. कागदाच्या शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. मोजणीच्या काळात काही वेगळं असेल, जत्रा, आठवडे बाजार, बंद पडलेला रस्ता, तर तिथं लिहायचं. मला एकच ओळ लिहायची होती: वस्तीवरील कुटुंबे ऊसतोडीस गेली असल्याने रहदारी कमी, पाडव्यानंतर फेरमोजणी व्हावी. ओळ डोक्यात तयार होती. पेनही हातात होता.

पण त्याच आठवड्यात कार्यालयात उपअभियंता साहेब चार लोकांसमोर मला म्हणाले होते, "काय हो, पाहुण्यांच्या गावाला पूल बांधताय म्हणे." आईचं माहेर त्यांना कुठून कळलं कोण जाणे. सगळे हसले. त्यांनी ते थट्टेनं म्हटलं होतं, संध्याकाळी ते विसरूनही गेले असतील. मी विसरलो नाही. मी कष्टानं साहेब झालेला माणूस. आपल्या लोकांचं बघतो, असं कुणी म्हणणं मला सोसणारं नव्हतं. शिवाय शेरा लिहिला की कागद परत येतो, खुलासा मागतात, आणि खुलाशात मला कुलपं कशी ओळखता आली ते सांगावं लागलं असतं.

मी शेऱ्यात लिहिलं, निरंक. खाली सही केली.

यादीत ते काम बरंच खाली गेलं, रेघेच्या कितीतरी खाली. वर एक देवस्थानाकडे जाणारा रस्ता आला. त्याची मोजणी दुसऱ्या कुणी केली होती आणि ती बरोबर होती. कुणीही काही खोटं लिहिलं नव्हतं. हेच मी मनाशी पुष्कळ दिवस म्हणत राहिलो.

मे महिन्यात दुसऱ्या कामासाठी त्याच वाटेनं जावं लागलं. म्हातारा म्हणाला होता तसंच होतं. घरं उघडी, अंगणात खाटा, दारादारात मोटारसायकली. ओढ्याच्या उतारावर एक ट्रॅक्टर रुतलेला आणि दहाबारा जण त्याला ढकलत होते. मागे टेम्पो आणि दोन जीपा थांबून होत्या. मी मोटारसायकल उभी केली आणि सवयीनं मोजायला लागलो. अर्ध्या तासात माझ्या तीन दिवसांच्या आकड्याच्या जवळ गेलो. तेव्हाही पुरवणी यादीसाठी अर्ज करता आला असता. पण मग आधीच्या कागदावर निरंक का लिहिलं, हे कुणीतरी विचारलं असतं. मी किक मारली आणि निघालो.

त्या वर्षी परतीचा पाऊस जोरात झाला.

दिवाळीनंतर मला राहवलं नाही आणि मी वस्तीवर गेलो. काम काही नव्हतं. म्हातारा अंगणात शेंगा फोडत बसला होता. मला ओळखून त्यानं पोतं अंथरलं. नातीचं मी विचारायच्या आधी त्यानंच सांगितलं. महिनाभर ओढा उतरला नाही. चाचणी बुडाली, सहामाही बुडाली. गुरुजी म्हणाले, आता पुढच्या वर्षी बसव. बाप म्हणाला, मग वर्षभर घरात बसून काय करणार. गेली त्यांच्याबरोबर.

मी म्हणालो, "बाबा, त्या मोजणीत आकडा कमी आला होता."

"यनारच की," तो म्हणाला. "तुमी खरं तेच लिवलं, सायेब. तवा हुतं कोन हितं?"

त्यानं ओंजळभर शेंगा माझ्यापुढे सारल्या.

एका पुलानं एका मुलीचं शिक्षण झालं असतं का, हे कुणी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. बायकोला हे सांगितलं तेव्हा तीही तेच म्हणाली. तिच्या म्हणण्यानं मला समाधान वाटलं, आणि समाधान वाटलं याचंच मला वाईट वाटलं.

पुढे माझी बदली जिल्ह्याच्याच पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात झाली. डोंगर, भातखाचरं, पाऊस. आमच्या पूर्वेच्या माणसाला वेगळाच मुलूख. तिथं शनिवार-रविवारी भंडारदऱ्याकडे गाड्यांची रांग लागते आणि मंगळवारी त्याच रस्त्यावर भाजीची एखादी जीप. मोजायला कोणत्या दिवशी बसायचं, इथंच अर्धा निकाल लागतो. तिथं मी प्रत्येक कागदावर लांबलचक शेरे लिहायचो. कार्यालयात मला शेरेबहाद्दर म्हणत. शेरे लिहिल्यानं माझं काहीही बिघडलं नाही. निरंक लिहिताना मी ज्याला भ्यालो होतो ते एवढंच होतं.

यंदा पुन्हा पूर्वेला आलो. तो ओढा अजून यादीतच होता. साहेबांना सांगून मी फेरमोजणी मागून घेतली, पाडव्यानंतरची, आणि त्याच बाभळीखाली बसलो. या वेळी आडव्या रेघा मारता मारता हात दुखला.

दुसऱ्या दिवशी एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन उतार चढून आली. माहेरी आली होती. पुढे जाऊन ती थांबली आणि परत वळली.

"तुमी मागंबी आल्ते ना मोजाया? माजं आजोबा तुमाला च्या द्यायचं."

म्हातारा दोन वर्षांपूर्वी वारल्याचं मी ऐकलं होतं. मी उठून उभा राहिलो. ती कोण ते मला कळलं.

"मी तवा साळंत जायाची," ती म्हणाली. "तीन दिस तुमच्या म्होरनं सकाळी गेले, सांजच्याला आले. सा येळा. ते लिवलं का हुतं?"

मी म्हणालो, "नाही. चालणाऱ्याला रकाना नसतो."

"आन् सायकलीला?"

"सायकलीला आहे."

तिनं मुलाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "मला साळंतनं सायकल मिळाली हुती. पन ह्या वाळूत रुतायची, म्हनून घरीच ठिवायची. आमा पाच-सा पोरींच्या सायकली तशाच भिताडाला."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. एक गोष्ट राहून गेली होती ती तिनं सांगितली, एवढंच. मग ऊन लागतंय म्हणून मुलाच्या डोक्यावर पदर ओढला आणि वस्तीकडे गेली.

पूल नाही म्हणून सायकल घरात, आणि सायकल घरात म्हणून कागदावर नाही, आणि कागदावर नाही म्हणून पूल नाही. वीस वर्षांच्या नोकरीत हे मला सुचलं नव्हतं. शेऱ्यात मी मागची मोजणी ऊसतोडीच्या हंगामातली होती असं लिहिलं, आणि खाली आणखी एक ओळ: ओढ्यात पूल नसल्याने वस्तीवरील मुलींना शाळेकडून मिळालेल्या सायकली घरीच राहतात, त्या या मोजणीत आलेल्या नाहीत. सही केली.

काल तो कागद परत आला. त्या ओळीशेजारी वरच्या साहेबांनी पेन्सिलीनं एक शब्द लिहिला आहे: किती?

वाजवी प्रश्न आहे. उद्या वस्तीवर जाऊन घरोघरच्या सायकली मोजायच्या आहेत. तिची सायकल मी त्या दिवशी परतताना पाहिली. म्हाताऱ्याच्या घराच्या पाठभिंतीला उभी आहे, चेन गेलेली, मागचं चाक नसलेलं, हँडलवर कोंबडी बसलेली. ती कुणी आता चालवणार नाही. पूल उद्या झाला तरी ती त्यावरून जाणार नाही. नियमानं ती धरता येत नाही, आणि एकदा नियमानं काय लिहिलं ते मला माहीत आहे.

ती धरायची की सोडायची, हे मी अजून ठरवलेलं नाही.