वरच्या खोलीतलं धुकं

हफीजा जेद्द्यात एकोणीस वर्षं एकाच घरी स्वयंपाक करत होती. मूळची श्रीवर्धनजवळच्या खाडीकाठची. नवरा गेल्यावर नणंदेच्या ओळखीनं इकडे आली आणि इथलीच होऊन गेली. घरच्या म्हाताऱ्या मालकीणबाईंना ती इथल्या रीतीप्रमाणे ‘मामा’ म्हणायची. फोनवर ‘मामांना बरं नाही’ म्हटलं की गावाकडची लेक अदिबा हसायची, “अम्मी, आधी त्यांना मामी तरी शोध!”

गेल्या उन्हाळ्यात घरचे सगळे लंडनला गेले. मामांचे गुडघे चोळायला हवेत म्हणून हफीजालाही नेलं. चौथ्या दिवशी मामा लेकाला म्हणाल्या, “मला त्या सराईत जायचंय.”

मामांचा नवरा तिकडे शिकत होता तेव्हा, लग्नाच्या पहिल्या वर्षी, दोघं एका खेड्यातल्या जुन्या सराईत आठवडाभर राहिली होती. लेकाला वेळ नव्हता. त्यानं गाडी ठरवून दिली आणि दोघी बायका निघाल्या.

शहर सुटलं तसा रस्ता अरुंद होत गेला. दोन्ही बाजूंना हिरवी कुंपणं, इतकी उंच की पलीकडचं काही दिसू नये. पाऊस धड पडत नव्हता, धड थांबतही नव्हता. सराई चारशे वर्षांची होती; घोडागाड्यांचे घोडे पूर्वी तिथे बदलायचे. भिंती पोट सुटल्यासारख्या, छप्पर मधोमध खचलेलं. खाली माणसं दारूचे ग्लास घेऊन बसलेली पाहिली आणि हफीजाचा पाय उंबऱ्यावरच अडला.

“मामा, खाली दारू आणि वर आपण निजायचं?”

“मागच्या दारानं जाऊ,” मामा म्हणाल्या. “तेव्हाही मी तिथूनच गेले होते.”

त्यांना हवी असलेली खोली छपराखाली होती आणि जिना शिडीसारखा उभा. मामा दोन पायऱ्या चढल्या, गुडघा धरून तिथेच टेकल्या. सराईच्या बाईनं त्यांना खालची खोली दिली. मामा बराच वेळ जिन्याकडे बघत राहिल्या, मग हफीजाला म्हणाल्या, “तू वर झोप. सकाळी खिडकीतून काय दिसतं ते मला सांग.”

जेद्द्यातल्या हफीजाच्या खोलीला खिडकी नव्हती. इथे गुडघ्याएवढ्या उंचीवर एक छोटीशी होती. जमीन एका अंगाला कललेली, त्यामुळे पलंगावर पडलं की होडीत निजल्यासारखं वाटायचं.

फजरची नमाज झाल्यावर ती खिडकीशी बसली. बाहेर नुसतं पांढरं. थंडीत खाडीवर उतरतं तसं धुकं, पण त्याहून दाट आणि कसलाच वास नसलेलं. मग त्यातून एक लाकडी फाटक वर आलं. मग मेंढ्यांच्या पाठी, पाय नसलेल्या, तरंगणाऱ्या. दूर कुठेतरी घंटा वाजली. कुणी हाक मारत नव्हतं, चुलीवर काही ठेवायचं नव्हतं. आपण कोण, कुठल्या, हे तिला घटकाभर आठवेना. आणि आठवावंसंही वाटेना.

खाली आली तेव्हा मामा टेबलाशी वाट बघत होत्या. “बस,” त्यांनी समोरची खुर्ची दाखवली. हफीजा काठावर टेकली. सराईच्या बाईनं तिच्यापुढे अंडी, भाजलेले मशरूम, गरम पाव आणून ठेवला. इतक्या वर्षांत कुणी तिला असं वाढलं नव्हतं.

“सफरचंदाचं झाड आहे ना?” मामांनी विचारलं. “फांद्या खिडकीला लागायच्या.”

आहे म्हणावंसं हफीजाला फार वाटलं. “नाही मामा. तिथे आता गाड्या उभ्या करतात.”

मामांनी पाव तिच्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, “बरं केलंस. लेक असता तर आहे म्हणाला असता.” आणि धुक्याचं पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं.

जेद्द्यात परतल्यावर ते चालूच राहिलं. दुपारी घर झोपलं, पडदे ओढले की मामा म्हणायच्या, “हफीजा, खिडकी सांग.” ती सांगायची. हळूहळू मामा मध्येच आपलं काही घालू लागल्या: मेंढ्यांमागे एक लाल शर्टातला माणूस, ओल्या फांदीवरचा पक्षी. हफीजा पुढच्या खेपेला तेही सांगायची.

रमजानच्या आधी मामा गेल्या. सुनेनं कपाट आवरताना त्यांची एक लोकरी शाल हफीजाला दिली. अदिबा आता फोनवर विचारते, “अम्मी, ते गाव कसं होतं गं?” हफीजा धुक्यापासून सुरुवात करते आणि लाल शर्टापाशी आली की थांबते. तो माणूस आपण पाहिला होता की नाही, हे तिला आता नक्की सांगता येत नाही.