आपला पाइप मोजला का?

“कोणत्याही होस्टिंगवर चालते, सर,” अकोल्याहून आलेला सेल्समन तिसऱ्यांदा म्हणाला. ‘कोणत्याही’ हा शब्द ऐकला की मला शंका येते.

धामणगाव बढ्यात रफीकभाईंचं स्प्रिंकलरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. त्यांना रब्बीच्या आत ऑनलाइन ऑर्डर घेणारं सॉफ्टवेअर हवं होतं. लायसन्स घेतलं की पैसे परत नाहीत, असं कोटेशनवरच छापलं होतं. दुकानाची वेबसाइट मी सांभाळतो, म्हणून निर्णय भाईंनी माझ्यावर सोडला. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. पण कॉम्प्युटरवर हात बसला तो भाईंच्या दुकानात, दुपारी गिऱ्हाईक नसताना. चुकलो असतो तर त्यांना तोंड दाखवता आलं नसतं.

होस्टिंग म्हणजे वेबसाइट ठेवायला सर्व्हरवर भाड्याने घेतलेली जागा. सॉफ्टवेअरला तिथे काय काय लागतं, ते आधी लेखी मागायचं असतं. मी मागितलं. त्याने लॅपटॉपवर डेमो दाखवला. मी नेट बंद करायला सांगितलं. तरी डेमो चालूच. म्हणजे तो कुठल्याच होस्टिंगवर नव्हता, लॅपटॉपमध्येच होता.

“सर, तुम्ही लय शक करून राह्यले,” तो हसून म्हणाला. संध्याकाळी मात्र यादी मेलवर आली. मुख्य अट पीएचपी ८.१ ची. पीएचपी ही सर्व्हरवर चालणारी भाषा, आणि तिची जुनी-नवी व्हर्जन्स असतात. यादीत खोट सापडेना. मग मी त्याच्या जुन्या ग्राहकांना फोन करत बसलो.

भाई हे बघत होते. त्यांच्या दुकानाचा एक नियम आहे. शेतातल्या पाइपाचा तुकडा आणल्याशिवाय कपलर, म्हणजे पाइप जोडायचा तुकडा, मिळत नाही. तोंडी माप चालत नाही.

“दोन दिवसापासून त्याचंच सामान मोजून राह्यला तू,” ते म्हणाले. “आपला पाइप मोजला का, बेटा?”

मोजला नव्हता. होस्टिंग मीच घेऊन दिलं होतं, म्हणून ते ठीकच असणार असं धरून चाललो होतो.

सर्व्हरवर एका ओळीची फाइल टाकली. ब्राउझरमध्ये उघडली की ती तिथलं व्हर्जन सांगते. आलं ५.६. आता संशय होस्टिंग कंपनीवर गेला. कंट्रोल पॅनेल उघडलं, तर ८.१ तिथे हजर होतं. ५.६ कोणीतरी हाताने निवडलेलं होतं.

तो मीच. साइटवरचा चौकशीचा फॉर्म हे माझं पहिलं काम. नव्या व्हर्जनवर तो बंद पडायचा. दुरुस्त करता येईना, म्हणून मी जुनं व्हर्जन लावलं आणि विसरलो. तसंच लायसन्स घेतलं असतं तर सॉफ्टवेअर चाललं नसतं. व्हर्जन बदललं असतं तर फॉर्म गेला असता.

भाईंना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “त्या अकोल्यावाल्याले आठ दिवस थांबव. पह्यले आपलं नीट कर.”

फॉर्म नव्याने लिहिला. साइटची वेगळी प्रत ८.१ वर चालवून पाहिली, तिच्यावर सॉफ्टवेअरची ट्रायल लावून घेतली, मग लायसन्स घेतलं. रब्बीच्या ऑर्डरी त्यावरच आल्या.

संशय घ्यावाच. फक्त सुरुवात स्वतःच्या सर्व्हरपासून करावी.

मधे सेल्समनची माफी मागायला फोन केला होता. माझा आवाज ओळखून तो आधीच म्हणाला, “आता कायचा शक आला, सर?”