पूजेतला टायर

"त्या टायरले हात लावशीन तं हात तोडून मोटारीच्या मागं टांगीन!"

मामा भर रस्त्यात ओरडत होता आणि डायवर जॅक घेऊन त्याच्यापुढं गुमान उभा होता. मागच्या सीटवर लोडाला टेकून, मुंडावळ्या बांधून मी बसलो होतो. नवरदेव मीच. पोटात सकाळपासून पाणी सोडून काही नव्हतं, कारण आमच्यात लग्न लागेस्तोवर नवरानवरी अन्नाला शिवत नाहीत. नवरीनं घास घेतला की त्या मांडवातलं लग्न संपलं. कामरगावला गोधुळीचा मुहूर्त होता, त्या लग्नसराईतला शेवटचा, आणि होणारा सासरा शब्दाचा इतका पक्का की गावातली माणसं त्याच्याशी बोलायलाच भीत.

बाकीचं वऱ्हाड आदल्या दिवशीच बैलगाड्यांनी निघून, पोचून, बुंदी खाऊन तिथं लोळत होतं. मला मात्र मोटारीनं नेण्याचा मान मामाचा. वडील गेल्यापासून घरातला कर्ता तोच. आमच्या घराण्याची अक्कल एवढ्यावरूनच ओळखावी.

काट्यानं फुटलेल्या ट्यूबला इतकी ठिगळं होती की मूळचं रबर शोधायला जोशीबुवा बसवावा लागला असता. ती फुसकारली तेव्हा शेजारच्या वावरातले बैल नाग समजून दावी तोडून पळाले. आणि मोटारीच्या पाठीवर, गळ्यात हार घालून, कोरा करकरीत टायर ट्यूबसकट टांगलेला होता! आणला तेव्हा मामा म्हणाला, दसऱ्याची पूजा झाल्याबिगर चढवायचा नाही. दसरा झाला, हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला. मग म्हणाला, पुजलेली वस्तू शेणातून कशी फिरवू? पूजेआधी चालवला तर अपशकुन, पूजेनंतर चालवला तर पाप.

"मालक, हे ट्यूब नाई राह्यली, गोधडी झाली," डायवर म्हणाला. "नवा चढवतो. घडीभरात कामरगाव."

"गोधडी तं गोधडी. ठिगळ लाव. माह्या आज्यानं एक धोतर जन्मभर नेसलं."

"मामाजी, आज्याच्या धोतरावर बसून कोनाची वरात नाई निघाली," मी म्हणालो.

"तू चूप! नवरदेवानं बोलू नाई."

ठिगळ लागलं. वैशाखाच्या उन्हात ते पुढच्या निंबापर्यंत टिकलं. दुसरं लावलं, ते निंबाच्या सावलीबाहेरही आलं नाही. सूर्य कलला. तेवढ्यात मामाचे डोळे चमकले. मामाचे डोळे चमकले की आमच्या घरातल्या बाया लेकरं उचलून आत पळत.

"वऱ्हाडात हवेचा तोटा असंन. कापसाचा हाये काय?"

असं म्हणून त्यानं माझ्या पाठीमागचा लोड ओढला, टराटरा फाडला आणि सगळा कापूस काठीनं टायरात कोंबला.

"मालक, पेटंन."

"काहून पेटंन बे? कापूस का बिडी ओढते?"

मोटार निघाली. मामानं मिशीवरून हात फिरवून माझ्याकडे असं पाहिलं, जणू चाकाचा शोध त्यानंच लावला. तेवढ्यात जळका वास आला. मग असा धूर सुटला, की पुढच्या गावची माणसं आगगाडी आली समजून गाठोडी घेऊन रस्त्यावर उभी राहिली. टायर जळून गेला, उघडं चाक दगडावर आपटून पापडासारखं वाकलं.

"आता नवा बी बसत नाई त्याच्यावर," डायवर म्हणाला. त्याच्या आवाजात मला थोडा आनंद ऐकू आला. मी त्याला दोष देत नाही.

शेवटी त्याच गावातून बैलजोडी आणून मोटारीला जुंपली. बैल ओढत होते, आणि मामा आत बसून हॉर्न वाजवत होता. मागं तो हार घातलेला टायर डुलत होता. खरा नवरदेव तोच वाटत होता.

कामरगावात शिरलो तेव्हा दिवे लागले होते. वाजंत्रीवाले पिशव्या आवरत होते. सासरा मांडवाच्या दारात एकटा उभा होता. मामानं उडी मारली, मागं धावला आणि टायरवर थाप मारली.

"पाहा, इवाईबुवा! एवढं रामायण झालं, पन नव्या टायरले ओरखडा नाई!"

सासऱ्यानं टायरकडे पाहिलं, बैलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नवरी जेवली," तो म्हणाला.