ते वाक्य माझं होतं

"आता थोडी गंमत," असं वहिनी माइकवर म्हणाल्या आणि त्यांनी माझे कागद उघडले.

मी हॉलच्या शेवटी होते, चपलांच्या ढिगाजवळ, पाण्याच्या कॅनपाशी. कागदी ग्लास भरून ठेवायचं काम माझ्याकडे होतं. लखनौतल्या आमच्या मराठी मंडळाचा गणपती, चौथा दिवस, निबंधस्पर्धेचा निकाल. शे-दीडशे माणसं असतील. रेल्वेतले इंजिनियर, मोठ्या संस्थांमधले शास्त्रज्ञ, त्यांच्या बायका, हिंदीत खिदळणारी त्यांची मुलं. आणि व्यासपीठावर पुण्याहून बोलावलेले पाहुणे, निवृत्त प्राध्यापक, तेच परीक्षक.

"या आमच्याच घरच्या मावशी," वहिनींनी लांबूनच माझ्याकडे हात केला, "दहावीला बसताहेत! या वयात! आणि निबंधही दिलाय हं. 'माझं सुख आणि माझे उद्याचे बेत.' जसाच्या तसा वाचते."

आणि वाचला.

"'मी दहावीची विद्यार्थिनी आहो. माझं वय बासष्ट वर्षं आहे.'"

हशा. त्या थांबल्या, हसू ओसरू दिलं, मग पुढचं वाक्य. असं प्रत्येक वाक्यानंतर.

"'सुख म्हणजे कोणी हाक मारून राहिलं तरी न उठणे.'"

पुढच्या रांगेतून एक साहेब ओरडले, "मग आमच्या पाण्याचं काय, मावशी?" पुन्हा हशा. पोरांमधून कोणीतरी, "सही है यार!"

"'मले बारावी करायची आहे. मंग बीए.'" वहिनींनी चष्मा खाली केला. "मंग बीए!" त्या परत म्हणाल्या, आणि हॉल लोळायचाच बाकी राहिला.

पाहुणे म्हणाले, "हा निबंध माझ्याकडे आला नव्हता. भाव चांगला आहे. भाषा जरा शुद्ध करायला हवी, मावशी."

म्हणजे माझे कागद परीक्षकांकडे गेलेच नव्हते. ते गमतीसाठी बाजूला काढून ठेवले होते.

टाळ्या वाजल्या. माकडानं टोपी घातली की वाजतात तशा. आणि मी काय केलं? मी पण हसले. लिहायला लाज वाटते, तरी लिहिते. मी तोंडाला पदर लावून हसले, जशी काही ती गंमत माझ्याबद्दल नव्हतीच.

आता थोडं मागचं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल एवढ्याशा हसण्यावर ही म्हातारी एवढी का पेटली.

मी अमरावतीकडची. गावात चौथीपर्यंत शाळा झाली आणि मग लग्न. नवरा रेल्वेच्या कारखान्यात खलाशी, म्हणजे हाताखालचा मदतनीस, त्यांच्यामागे लखनौला आले. नवीन आले तेव्हा एका इमारतीवर मोठी पाटी वाचली, 'शिक्षा विभाग'. मी नवऱ्याला म्हटलं, "एवढं मोठं जेल?" ते हसून हसून बेजार. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे मला त्या दिवशी कळलं. पण वाचायची खोड सुटली नाही. अमीनाबादेतून कापड आणलं तर ज्या पेपरात बांधलंय तो पेपर आधी वाचायचा. सब्जीच्या पुड्या वाचायच्या. औषधाच्या बाटल्या वाचायच्या. अशी मी शिकले, आणि कोणी शिकवलं असं म्हणायची सोय नाही.

नवरा गेले आणि मी अलीगंजला वहिनींच्या घरी लागले. त्यांचे साहेब शास्त्रज्ञ होते. नातीला सांभाळायला मराठीच बाई पाहिजे होती त्यांना. नाव विचारलं, गाव विचारलं, आडनाव विचारलं. आडनाव सांगितल्यावर वहिनी "बरं, बरं" म्हणाल्या. दोनदा. पहिलं 'बरं' नेहमीचं होतं. दुसऱ्यात मला माझी जागा कळली. "आम्ही काही मानत नाही हं," असंही लगेच म्हणाल्या. मानत नाहीत, पण गणपतीचे दिवस आले की मला ओट्यापाशी जाऊ देत नाहीत. "तुम्ही छोटीकडे बघा मावशी, ते जास्त महत्त्वाचं." इतक्या गोड आवाजात सांगतात की राग यायला दोन दिवस लागतात.

छोटी म्हणजे त्यांची नात. दोन महिन्यांची होती तेव्हा माझ्या मांडीवर आली, आता आठवीत आहे. आईबाप दोघं नोकरीवर, घरात सगळे हिंदी बोलणार. तिचं मराठी झालं ते माझ्याजवळ, मागच्या व्हरांड्यात, मटार सोलता सोलता. "काहून रडून राहिली?" असं मी तिला विचारायची आणि ती मला "रडून नाही राहिली" असं सांगायची. वहिनी आतून ओरडायच्या, "मावशी, तिची भाषा बिघडवू नका हं!"

आणि गणपती जवळ आले की त्याच वहिनी, "छोटी, जा, मावशींकडून जरा मराठी करून घे." पाठांतर, भाषण, निबंध, सगळं ती माझ्याकडून करून घ्यायची. चार वर्षं ती पहिली आली. चार कप त्यांच्या काचेच्या कपाटात आहेत. ते पुसते मीच.

यंदा छोटीनं विचारलं, "मावशी, ये सुख क्या होता है? बताओ न, लिखना है."

मी सांगितलं. नाल्यावर कपडे धुणाऱ्या माझ्या आईचं सांगितलं. तिला घरून हाका यायच्या आणि ती पाण्यात पाय सोडून बसून राहायची, तेवढंच तिचं सुख. मला ते आयुष्यभर मिळालं नाही. मी हाकेला उठत आले. नवऱ्याच्या, पोराच्या, वहिनींच्या. छोटी भराभर लिहून घेत होती. मला बरं वाटत होतं, कोणीतरी माझं बोलणं लिहून घेतंय.

आणि त्याच दिवशी मनात आलं, मी पण विद्यार्थीच आहे की. दोन वर्षं झाली, मुक्त शाळेत नाव घातलंय, रविवारी वर्गाला जाते. सूचनेत लिहिलं होतं, शाळेत शिकणाऱ्या सर्व विद्यार्थ्यांसाठी. मी वहिनींना विचारलं, "सर्व म्हणजे सर्व ना?" त्या म्हणाल्या, "अगंबाई! द्या की, द्या!" दोन रात्री जागून नाही, दोन दुपारी बसून लिहिलं. सुख काय ते लिहायला बसले तर तेच वाक्य आलं. येणारच. ते माझ्याच आत होतं. वाटलं, छोटीनं आपल्या शब्दांत फिरवून घेतलं असेल.

तर आता पुन्हा हॉलमध्ये चला.

गंमत संपली. पहिलं बक्षीस जाहीर झालं. छोटी. पाहुण्यांनी माइक घेतला. "लखनौमध्ये वाढलेली मुलगी, आणि लेखणीला असा मातीचा वास! आपण सगळ्यांनी ऐकायलाच हवं." छोटी नवा परकर-पोलका घालून व्यासपीठावर गेली आणि वाचायला लागली.

"सुख म्हणजे कोणी हाक मारून राहिलं तरी न उठणे."

"वा!" पाहुणे म्हणाले. "'मारून राहिलं'! काय गोडवा आहे. ही बोली जपली पाहिजे हो."

टाळ्या. हॉलभर टाळ्या. दहा मिनिटांपूर्वी याच वाक्यावर ज्यांचे दात दिसले होते, त्यांचेच हात वाजत होते. मघाचे पाण्याचे साहेब मान डोलावत होते. माझ्या हातात भरलेला ग्लास होता. कागदी ग्लास, दाबला गेला आणि पाणी कोपरापर्यंत आलं.

वाक्य तेच. बोली तीच. माझ्या तोंडून अशुद्ध, तिच्या तोंडून गोड.

छोटी पण थांबली होती. तिनं मघाशी ऐकलं होतं ना. ती मान उंच करून मला शोधत होती. वहिनी खालून म्हणाल्या, "वाच ना, बेटा." तिनं वाचलं, "माझी आजी नाल्यावर कपडे धुवाले जात असे..."

मी ग्लास टाकला आणि रांगांच्या मधून पुढे निघाले.

"छोटी, थांब. पुढचं मी सांगते."

कागद नको, काही नको. मी बोलायला लागले. "'घरून हाक येत असे. ती म्हणत असे, मारून राहिले तर मारू द्या, पाणी वाहून राहिलं आहे. तिचे पाय पाण्यात पांढरे पडत. त्या पायांवर मी डोकं ठेवत असे अन् ती मले उठवत नसे.' छोटी, बघ बरं, हेच लिहिलंय ना?"

छोटीनं कागदाकडे बघितलं. तिनं फक्त मान हलवली. हो.

मग मी वहिनींकडे वळले. "वहिनी, तुम्ही कोणत्या नाल्यावर जात होत्या कपडे धुवायला? तुमच्या माहेरी तर मोटार होती म्हणता."

कोणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. मग हॉल हसला, आणि या वेळी माझ्यावर नाही. वहिनींचा चेहरा वितळल्यासारखा झाला. खोटं कशाला सांगू, ते हसू मला गोड लागलं. तेरा वर्षांत त्या घरात काही एवढं गोड लागलं नव्हतं.

"मावशी!" वहिनी उठल्या. "लहान मुलीसमोर असं? तिचं वय काय!"

"माझं वय तर तुम्ही सगळ्यांना सांगितलंच आहे."

पाहुणे आपले कागद चाळायला लागले, जसं काही उत्तर त्यात सापडणार होतं. आणि छोटी रडायला लागली. रडत रडत माइकसमोरच म्हणाली, "आप ही ने तो दिया था, मावशी. आपने ही बोला था, लिखो."

हे मात्र लागलं. खोटं काय होतं त्यात? मीच दिलं होतं. चार वर्षं मीच देत आले होते, फुशारकीनं. त्या मुलीला मी चमच्यानं भात भरवला, आणि आज सगळ्यांसमोर तिच्या हातातला घास काढून घेत होते. एक क्षण वाटलं, जाऊ दे, पोर आहे, परत मागे जाऊन उभी राहा.

नाही राहिले.

"दिलं होतं, बाळा," मी म्हटलं. "आता परत घेते."

आणि व्यासपीठावर चढून तिच्या हातातले कागद घेतले. तिनं सोडले. घट्ट धरले असते तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला गेले नाही. तिसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला. "झालं गेलं विसरा. तुम्हाला उत्तेजनार्थ देऊ या, एक छान फोटो काढू. छोटी नीट जेवत नाहीये, मावशी. आम्ही तुम्हाला कधी परकं मानलं का?"

मी विचारलं, "ओट्यापाशी येऊ?"

त्या म्हणाल्या, "हे तुम्ही कुठलं कुठे नेताय?" मी फोन ठेवला.

माझा मुलगा अमौसीला विमानतळावर सामान चढवायचं काम करतो. तो मराठी समजतो, बोलतो हिंदीत. "अम्मा, माफी माँग लो. इस उम्र में ये सब? लोग क्या कहेंगे?" त्याच्या मनात आईचं एक चित्र आहे. देवळात जाणारी, नातवंडं खेळवणारी, कमी बोलणारी. वहिनींच्या मनातलं चित्र पण तेच, फक्त त्यात हातात झाडू आहे. मी त्याला म्हटलं, "बाळा, आतापर्यंत मी सगळ्यांच्या चित्रात नीट बसले. आता माझे गुडघे दुखतात, तसं बसता येत नाही."

तो चिडला. दोन दिवस बोलला नाही. बोलेल, नाहीतर नाही बोलणार.

सगळे एकच सांगतात. शेजारीण सांगते, वर्गातल्या मॅडम सांगतात. मनात धरू नका, सोडून द्या, मन मोकळं करा, सुखी व्हाल. मी खूप विचार केला यावर. मला सोडायचं नाहीये. हा राग इतका उशिरा आलाय माझ्याकडे, बासष्ट वर्षं वाट बघून, आणि तुम्ही म्हणता त्याला दारातूनच परत पाठव? मी त्याला पाट देऊन बसवलंय. त्याच्या शेजारी बसून मी गणित करते. विज्ञानाचे धडे पाठ करते. दुपारी कोणी दार वाजवलं तरी पान संपल्याशिवाय उठत नाही.

छोटीचा आवाज फोनवर रेकॉर्ड होऊन आला होता. "मावशी, आप मुझसे गुस्सा हो?" मी उत्तर दिलं. पोरीला टांगून ठेवणं मला जमत नाही. सांगितलं, तुझ्यावर नाही. पण इथून पुढे तुला माझ्याकडून एक ओळ मिळणार नाही. तुझं सुख काय ते तू शोध, तोडकंमोडकं लिही, हिंदी मिसळून लिही, लोक हसतील तर हसू दे. आणि तुझ्या आजीनं माझी चौकशी केली तर सांग, मावशी बऱ्या आहेत आणि काहीही विसरलेल्या नाहीत.

पुढच्या वर्षी त्या स्पर्धेत मी पुन्हा नाव देणार आहे. मुक्त शाळेत अकरावी वेगळी नसते, तेव्हा थेट बारावीची विद्यार्थिनी असेन. कागद परीक्षकांच्या हातात स्वतः नेऊन देईन आणि ते वाचेपर्यंत समोर उभी राहीन. शब्द एकही शुद्ध करणार नाही. 'मंग' लिहीन. प्रत्येक पानावर लिहीन.

आणि हे जे तुम्ही वाचलंत, यात मी कोणाचंच नाव घातलं नाही. भिऊन नाही. मंडळवाले उद्या म्हणतील, कोण ही अडाणी बाई, हिच्या बोलण्याला काय किंमत. म्हणून थांबले आहे. दहावीचा निकाल हातात येऊ दे. मग हेच सगळं मी पुन्हा लिहून काढणार आहे, वर माझं पूर्ण नाव टाकून, आणि त्या प्रतीत एकेकाचं नाव असेल, घरनंबरासकट.